खात्री केलेला पाऊस

जुलैतली गोष्ट. सकाळी पावणेदहाला चिरंजीवांचा व्हिडिओ आला. गुडघाभर गढूळ पाणी, त्यात पोटापर्यंत बुडालेल्या मोटारी, एक जण चपला हातात आणि पँट मांडीपर्यंत घेऊन चाललेला. खाली एकच ओळ : ‘माणमध्ये बघा काय अवस्था आहे.’

मी बघितलं. एकदा नाही, सात वेळा बघितलं. शेवटच्या दोन वेळा आवाज मोठा करून, नुसतं पाणी ऐकायला.

पुण्यामुंबईच्या वाचकाला यात सात वेळा बघण्यासारखं काय, ते कळणार नाही. आमचा माण तालुका सातारा जिल्ह्यात. महाबळेश्वरही सातारा जिल्ह्यातच. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आमच्याकडं पाचशेच्या आसपास आला तरी आम्ही त्या सालाला चांगलं साल म्हणतो. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि आमच्या डोक्यावरून नुसती सावली ओढत पुढं जातात. भूगोलाच्या पुस्तकात याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. पर्जन्य त्यांचं, छाया आमची. जिल्ह्याला रेड अलर्ट लागला की तिकडं घाटात दरड कोसळते आणि इकडं फुफाटा उडतो. अलर्ट मात्र जिल्ह्याचा, त्यामुळं तो आम्हालाही येतो. असाच एक अलर्ट वाचून आमच्या शेजाऱ्यांनी कडब्याच्या गंजीवर ताडपत्री टाकली होती. ती पुढं गुढीपाडव्याला काढली.

तर अशा मुलखात ‘माणमध्ये’ हा शब्द आणि त्याच्या डोक्यावर वाहतं पाणी!

आता मी कोण, तेही सांगायला हवं. म्हणजे पुढच्या प्रकाराची लाज नीट कळेल. मी हायस्कुलात एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. ‘निरीक्षण, प्रयोग, अनुमान’ हे तीन शब्द फळ्यावर इतक्या वेळा लिहिले, की निवृत्तीच्या समारंभात हेडमास्तरांना माझ्याविषयी बोलायला तेवढेच तीन शब्द सापडले. पंचक्रोशीत मला ‘चिकित्सक सर’ म्हणतात. मोबाईलवर काहीही आलं की लोक दारात येतात. “सर, हे खरं हाय का वं?” मी चष्मा पुसतो, मोबाईल हातभर लांब धरतो, हुंकार देतो आणि “फेक आहे” म्हणून परत करतो. दहांतल्या नऊ वेळा ते फेकच असतं, त्यामुळं वाचायची गरज पडत नाही.

माझ्या खात्यावर एक निर्विवाद विजय जमा आहे. आमच्या शेजारच्या आटपाडी तालुक्यातलं शेटफळे म्हणजे गदिमांचं जन्मगाव. त्यामुळं गदिमांच्या नावानं फिरणारा सुविचार आमच्या भागात जरा जास्तच फिरतो. त्यातल्या एका सुविचारात ‘मोबाईल’ हा शब्द तीनदा आला होता. गदिमा गेले १९७७ साली आणि आपल्या देशात मोबाईलवरून पहिलं बोलणं झालं १९९५ साली, हे मी तारखांसकट ग्रुपवर टाकलं. त्यावर एका गुरुबंधूंनी उत्तर दिलं, “म्हणूनच तर त्यांना महाकवी म्हणतात.”

आणि दहावी वेळ म्हणजे सर्जा. डिसेंबर २०२० मध्ये आमच्या शेजारच्या तात्यांचा नातू एक मेसेज घेऊन आला : आटपाडी तालुक्यातल्या एका मेंढ्याला कुणी ७० लाख रुपये देऊ केले आणि मालक दीड कोटीच्या खाली यायला तयार नाही. मी पोट धरून हसलो. सत्तर लाखांत मेंढरं किती, त्यांना चारा किती, याचं त्रैराशिक मांडलं, त्याचा फोटो काढला आणि ‘विवेक जागा ठेवा’ असं लिहून ग्रुपवर टाकला. मग तीच बातमी वृत्तसंस्थेनं देशभर दिली. इंग्रजी पेपरांत सर्जा छापून आला. जात माडग्याळी, नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार.

तात्यांचा जन्म मेंढरांमागं गेलेला. ते माझ्या ओट्यावर येऊन बसले.

“सर, त्येचं नाक बगितलं का?”

“नाकाचे सत्तर लाख, तात्या?”

“मग काय शेपटाचं?”

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मागणाऱ्यानं मागितला, मालकानं दिला नाही, म्हणजे सत्तर लाख कुणाच्याच खिशातून बाहेर आले नव्हते, हा मुद्दा मला बराच वेळानं सुचला. तोवर तात्या चहा पिऊन निघून गेले होते.

म्हणून या वेळी मी शहाणपणानं वागायचं ठरवलं. पाण्याचा व्हिडिओ आला म्हणून लगेच पुढं ढकलायचा नाही. रीतसर खात्री करायची. गूगलवर ‘माण पाऊस’ असं टाकलं. पहिलं उत्तर आलं, ‘पावसाळ्यात मान आखडल्यास घरगुती उपाय’. ते पूर्ण वाचलं, कारण सात वेळा व्हिडिओ बघून मान खरंच आखडली होती. दुसरं उत्तर बघितलं आणि टाळी वाजवली : ‘माणमध्ये रस्ते जलमय, वाहतूक ठप्प’. तारीख आजचीच! आता साक्षीदार दोन झाले. एक पोटचा पोर आणि एक बातमी.

‘वाहतूक ठप्प’ या शब्दांपाशी मी क्षणभर अडखळलो, नाही असं नाही. आमच्याकडं वाहतूक ठप्प होते ती तात्यांची मेंढरं रस्ता ओलांडतात तेव्हा. पण पाऊसच एवढा म्हटल्यावर एसटी अडकली असेल. पुढं लिहिलं होतं, ‘आयटीयन्सचे हाल’. आयटीआयची पोरं असणार, छापणाऱ्यानं चुकवलंय, असं म्हणून मी ती चूक मनातल्या मनात लाल शाईनं दुरुस्तही केली. माणसाला एखादी गोष्ट खरी हवी असली की तो शुद्धलेखनाच्या बाबतीत फार उदार होतो.

सौभाग्यवती अंगणात हुलगे उन्हात घालत होत्या. मी बाहेर येऊन म्हणालो, “अगं, उचल ते. माणमध्ये तुफान पाऊस चाललाय.”

तिनं वर बघितलं. आकाश घासलेल्या पातेल्यासारखं लख्ख.

“कुठं?”

“मोबाईलवर आलंय.”

“मग मोबाईल उचला आत. हुलग्यांना ऊन दाखवायचंय, पोरकिडं झालेत.”

“इथं नसेल, वर पडला असेल. कुळकजाईच्या डोंगरात पडला की आपल्या नदीला पाणी येतं. इयत्ता चौथीचा भूगोल आहे.”

“पाणी आलं की सांगा,” ती म्हणाली आणि सूप झटकलं. सगळं फोलपट माझ्या अंगावर आलं.

विज्ञानाची बाजू घरात नेहमीच अल्पमतात असते. मी आत जाऊन मजकूर तयार केला : ‘माणमध्ये तुफान पाऊस. रस्ते जलमय. वाहतूक ठप्प. खात्री केली आहे.’ शेवटची तीन शब्दांची शेपूट जोडली नसती, तर आज हा लेख लिहायची वेळ आली नसती.

भावकी, निवृत्त शिक्षक, दहावीची जुनी बॅच, भजनी मंडळ असे माझे अकरा ग्रुप आहेत. व्हॉट्सॲप एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवू देतं, म्हणून तीन खेपा कराव्या लागल्या. ही पाचची वेसण २०१८ च्या जुलैत आली. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं होतं. भिक्षा मागून जगणारे डवरी गोसावी. त्यातले बरेचसे मंगळवेढा तालुक्यातले, म्हणजे आमच्यासारख्याच कोरड्या पट्ट्यातून पोटासाठी बाहेर पडलेले. मोबाईलवरच्या अफवेनं त्यांना गाठलं. एरवी हे मी लोकांना सांगत असतो. त्या दिवशी मात्र ‘तीन खेपा करायला लागतात, काय कटकट’ एवढंच माझ्या मनात आलं.

कर्तव्य पार पाडून मी स्टँडवर चहाला गेलो. चहा प्यालो आणि दहाचं नाणं पुढं केलं. टपरीवाल्यानं ते दोन बोटांत धरून विंचवासारखं परत माझ्या पुढ्यात ठेवलं.

“नोट द्या सर. ह्ये चालत न्हाई.”

माझ्यातला चिकित्सक खाडकन जागा झाला. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्येच पत्रक काढून सांगितलंय की दहाच्या नाण्याचे तोवरचे चौदाही प्रकार चालतात, रुपयाचं चिन्ह असलेलेही आणि नसलेलेही. ते पत्रक मी मोबाईलमध्ये जपून ठेवलंय. काढून त्याच्या डोळ्यांपुढं धरलं.

“ते मोबाईलवरचं हाय सर. मोबाईलवर कायबी येतंय.”

“आणि नाणं चालत नाही, हे तुला कुणी सांगितलं?”

“मोबाईलवर आलं हुतं की.”

मी नोट दिली. सुट्टे परत करता करता तो म्हणाला, “त्ये जाऊ द्या. माणला ढगफुटी झालीया, कळलं का?”

“कुठं कळलं तुला?” मी सावधपणे विचारलं.

“मोबाईलवर. पर ह्ये खरं हाय. खाली लिवलंय, खात्री केलीया म्हणून.”

रिझर्व्ह बँकेनं पत्रकाखाली ‘खात्री केली आहे’ असं लिहायला हवं होतं, एवढंच मी म्हणेन. माझ्या ‘तुफान पावसा’ची एका तासात ‘ढगफुटी’ झाली होती, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं ते इतकंच, की आता तिसरा साक्षीदार मिळाला.

चौथा साक्षीदार कोइमतूरहून बोलला. खानापूर, आटपाडी, माण या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. सोनं-चांदी गाळायची भट्टी लागत नाही असं शहर क्वचितच असेल आणि जिथं भट्टी तिथं आमच्याकडचा एखादा पाहुणा. माझा मावसभाऊ असाच तमिळनाडूत. दुपारी त्याचा फोन आला. आवाज रडवेला.

“दादा, माणगंगेला महापूर आलाय म्हणं. राजेवाडीचा तलाव सांडला म्हणं. आपलं घर हाय का गेलं?”

“तुला कुणी सांगितलं?”

“कोचीच्या पावन्यानं टाकलंय. त्येला दिल्लीवरनं आलं. प्रशासनानं इशारा दिलाय. खात्री केलेली बातमी हाय.”

मी खिडकीतून बाहेर बघितलं. घर होतं. अंगणात हुलगे होते. पण कोची, दिल्ली, प्रशासन! इंग्रजांच्या काळातला राजेवाडी तलाव आपल्याला इथून दिसत नाही. दिल्लीला दिसत असेल. कोण कुठल्या उंचीवरून बघतंय याला महत्त्व असतं.

गर्दी एखाद्या बाजूला निघाली की माझा विज्ञानाचा तास आपोआप सुटतो. हे माझं जुनं दुखणं आहे. २१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपती दूध प्यायला लागले. तेव्हा आमच्या गावात इंटरनेट कुणी ऐकलेलंही नव्हतं, तालुक्याच्या गावाला, दहिवडीला, एसटीडी बूथ तेवढे होते, तरी बातमी संध्याकाळपर्यंत लंडनच्या देवळांतही पोचली. मी त्या दिवशी नववी ‘ब’ला पृष्ठताण शिकवला. मूर्तीच्या सोंडेला चमचा लावला की दूध कसं ओढलं जातं, याची आकृती काढून दाखवली. शाळा सुटल्यावर पावशेर दूध घेऊन रांगेत उभा राहिलो. पुढं नववी ‘ब’ उभी होती. पोरांनी वळून बघितलं. मी म्हणालो, “प्रयोग!”

तसाच त्या दुपारी छत्री घेऊन मी नदीकडं निघालो. निरीक्षण.

पुलावर गाव लोटलं होतं. आमची माणगंगा म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस वाळू, वेड्या बाभळी आणि क्रिकेटचं मैदान. पोरांचा डाव चालू होता. त्यांना वरून ओरडून बाजूला व्हायला सांगितलं तर गोलंदाज म्हणाला, “चार ओव्हरी ऱ्हायल्यात, पाणी आलं की थांबतो.” पुलावर मात्र प्रत्येक जण मोबाईलमध्ये पूर बघत होता आणि अधूनमधून मान उचलून कोरड्या पात्राकडं बघत होता, एसटी यायची वेळ झाल्यावर वळणाकडं बघतात तसा. एका म्हातारीनं नदीची ओटी भरायला खण-नारळ आणला होता. माझ्या हातातली छत्री बघून लोकांचा उरलासुरला संशय फिटला. “सर छत्री घिऊन आल्यात म्हंजी पक्कं हाय,” कुणीतरी म्हणालं आणि मला पुढं उभं राहायला जागा करून दिली.

फक्त डाळिंबवाले गप्प होते. हवेत ओल आली की बागेत तेल्या येतो. त्यातल्या एकानं मला विचारलं, “सर, मागल्या सालचं औषध आताच मारून ठिवावं का?” आणि सगळा पूल हसला.

ते औषध माझंच. मागच्या वर्षी मला एक व्हिडिओ सापडला होता, ‘तेल्या एका रात्रीत गायब’. ताक, गूळ, हिंग आणि हळद एकत्र करून फवारायचं. तेल्या हा जिवाणूजन्य रोग आहे हे मी जाणतो. सोलापूरला खास डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे हेही जाणतो. पण सोलापूरला जायला दीड दिवस मोडतो आणि व्हिडिओ सव्वातीन मिनिटांचा होता. शिवाय सांगणाऱ्याच्या मागं टेबलावर सूक्ष्मदर्शक ठेवलेला. सूक्ष्मदर्शक दिसला की माझं मन विरघळतं. मी ते मिश्रण माझ्या चाळीस झाडांवर मारलं आणि ‘स्वतः वापरून बघितलं आहे’ असं लिहून व्हिडिओ पुढं पाठवला. वापरून बघितलं होतं हे खरंच होतं. परिणाम बघायचा राहिला होता. दुसऱ्या दिवशी तेल्या जिथल्या तिथं आणि गुळासाठी तालुक्यातले सगळे मुंगळे माझ्या बागेत. आठ दिवसांनी त्याच गृहस्थाचा नवा व्हिडिओ आला : ‘केस गळती एका रात्रीत बंद’. ताक, गूळ, हिंग आणि हळद. सूक्ष्मदर्शकही तोच.

सूर्य कलायला लागला. चार ओव्हरी होऊन दुसरा डाव सुरू झाला. तेवढ्यात वाळूतून घंटा वाजवत तात्यांची मेंढरं आली. तात्या पुलाखाली थांबले. वर दोनशे माणसं, माना खाली, कुणी बोलत नाही, म्हातारीच्या हातात नारळ. त्यांनी डोक्यावरचा पटका काढून काखेत धरला आणि हळू आवाजात विचारलं,

“कुनाची माती हाय वं?”

“माती न्हाई तात्या, पाणी यायचंय! वर ढगफुटी झालीया!”

“वर कुठं?”

“कुळकजाईकडं.”

“मी तिकडनंच आलो की. फुफाटा हाय निस्ता. आन् वर पडला तरी आदी आंधळीचं धरण भरंल का हिकडं यील?”

हा प्रश्न इयत्ता चौथीच्याच भूगोलाचा होता. दोनशे माणसांत तो कुणाला सुचला नव्हता, आणि त्यातल्या निदान साठ जणांना विज्ञान मी शिकवलं होतं.

“तुमचा विश्वास नसेल तर हे बघा,” म्हणून मी वरून उतरलो आणि मोबाईल तात्यांच्या हातात दिला. तात्यांना एकदा खरसुंडीच्या यात्रेत मी खोंड घेताना बघितलंय. अर्धा दिवस. आधी दात बघितले, आदत आहे का दुसा. मग भोवरे मोजले, खूर उचलून बघितले, चालवून बघितला, पाण्यावर नेला, मालकाला सोडून मालकाच्या पोराला तीन प्रश्न विचारले. त्यानंतर कुठं रुमालाखाली हात घातला. त्याच डोळ्यांनी त्यांनी तो व्हिडिओ बघितला. आम्ही सगळे दिवसभर पाणी बघत होतो. तात्यांनी पाणी सोडून बाकीचं बघितलं.

“सर, ह्यो एवढाला खांब कशाचा?”

मी वाकून बघितलं. मोटारींच्या मागं सिमेंटचा अजस्र खांब उभा होता. त्याच्या पुढं तसाच दुसरा. पुढं तिसरा.

“मेट्रोचा दिसतोय,” माझ्या तोंडून निघून गेलं.

“दहिवडीला मेट्रो आली?”

पूल शांत झाला.

“आन् ही काचंची बिल्डिंग. ईस मजलं असत्याल. आपल्या माणात कवा झाली?”

चिरंजीवांना तिथल्या तिथं फोन लावला आणि चुकून तो स्पीकरवर लागला.

“आप्पा, ते आमचं माण! हिंजवडीच्या पलीकडचं. मुळशी तालुक्यातलं. मला आज ऑफिसला पोचायला साडेतीन तास लागले, हे सांगत होतो तुम्हाला.”

“मग तसं लिहायचं!”

“तुम्ही विचारलंच नाही. नुसते सतरा अंगठे पाठवलेत.”

हिंजवडीजवळ माण नावाचं दुसरं गाव आहे, हे मला माहीत नव्हतं का? होतं. चिरंजीवांचा फ्लॅट बघायला गेलो तेव्हा त्या पाटीसमोर उभं राहून मी फोटो काढून घेतलाय. तो दिवाणखान्यात लावलेला आहे. त्याच्याखाली बसूनच मी सकाळी खात्री केली.

मला वाटलं होतं, लोक आता मला वाळूत पुरतील. पण कुणी रागावलं नाही. डाळिंबवाले तर मोकळेपणानं हसले. एक जण म्हणाला, “सर, त्या माणात पाणी जास्त झालं आसंल तर पोराला सांगा, दोन टँकर हिकडं पाठव म्हणावं.” म्हातारीनं खण-नारळ परत न्यायचा नसतो म्हणून कोरड्या वाळूचीच ओटी भरली. नारळ पोरांनी तिथंच फोडला. सगळ्यांनी खोबरं खाल्लं, मलाही दिलं.

तात्या मेंढरं वळवता वळवता म्हणाले, “आन् सर, ह्या तरण्याचं वाहन कोल्हा हाय. पाऊस निस्ता हुलकावण्या देणार. पंचांगात हाय.”

“पंचांगात लिहिलेलं सगळं खरं असतं का, तात्या?”

“छापलंय की वं!” तात्या म्हणाले. “छापल्यालं खोटं आसतंय व्हय?”

घरी आलो. सौभाग्यवती ओट्यावर हुलगे पाखडत होत्या. काही विचारलं नाही. छत्री कोपऱ्यात ठेवताना फक्त म्हणाल्या, “पुसून ठेवा, ओली असेल.”

रात्री मी खुलासा लिहिला. खुलाशाला पाऊण तास लागला, कारण त्यात दोन्ही माणांचे तालुके, जिल्हे, नद्या आणि माझी दिलगिरी बसवायची होती. अकरा ग्रुपांवर टाकला. अकरा ग्रुपांवर तो तसाच पडून राहिला. एकानं हात जोडले, दुसऱ्यानं चुकून वाढदिवसाचा केक पाठवला. पूर मात्र चालूच होता. तिसऱ्या दिवशी सुरतेहून नवीन आवृत्ती आली, तीत म्हसवडच्या सिद्धनाथाच्या पायरीला पाणी लागलं होतं आणि काचेच्या बिल्डिंगीचा भाग कुणीतरी कापून काढला होता. आता तो व्हिडिओ खरंच आमच्या माणचा वाटत होता. मीसुद्धा दोनदा बघितला.

आणि आठव्या दिवशी, दुपारी चारला, पाऊस आला.

आला म्हणजे असा आला, की ओट्यावरून अंगणातलं तुळशीवृंदावन दिसेना. तासभर कोसळला. कोल्हा त्या दिवशी कुठं झोपला होता, ते तात्यांना अजून सांगता आलेलं नाही. मधल्या एका दिवसात नक्षत्र बदललं असेल, पंचांग चुकत नाही, एवढंच ते म्हणतात. मी शाळेसाठी बाटली कापून केलेलं पर्जन्यमापक माळ्यावरून काढून पहिल्या थेंबालाच दारात ठेवलं होतं. मोजला : ३१ मिलिमीटर. सौभाग्यवतींनी हुलगे उन्हात घातले होतेच. मी आतून “अगं, पाऊस!” म्हणून ओरडलो होतो. तिनं ऐकलंही होतं. पण वर बघितलं नाही.

अंगणात गुडघाभर नव्हे तरी घोटाभर पाणी साचलं, त्यात आमचे हुलगे तरंगत होते. डोळे भरून आले. मी फोटो काढला आणि अकरा ग्रुपांवर टाकला : ‘माणमध्ये पाऊस.’ बाकी एक अक्षरही जोडलं नाही.

पहिलं उत्तर स्टँडवरच्या टपरीवाल्याचं आलं. “कुठलं माण, सर?”

दुसरं कोइमतूरचं. “दादा, जुना फोटो वाटतोय.”

तिसरं चिरंजीवांचं. “आप्पा, खात्री केली का?”

हुलग्यांना दोन दिवसांत मोड आले. रोज उसळ चालली आहे, तरी अजून अर्धी पायली शिल्लक आहेत. ज्यांना त्या पावसाविषयी शंका असेल, त्यांनी पिशवी घेऊन घरी यावं. येताना माण नीट बघून यावं, सातारा जिल्ह्यातलं.